नववं तबक

निदाच्या साखरपुड्याच्या दिवशी तिच्या होणाऱ्या सासूबाई हाज्जा रोकिया यांनी घड्याळ मागितलं नाही. हे मी सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण त्यांनी ते मागितलं असं धरूनच आमचं घर पुढे लग्नापर्यंत चाललं. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, की त्यांच्या थोरल्या सुनेनं लग्नात त्यांच्या थोरल्या मुलाला स्विस घड्याळ दिलं होतं, त्याची कड हिरवी आहे आणि ते तीनशे मीटर खोल पाण्यातही चालतं. मग त्यांनी केळ्याचं भजं उचललं आणि यंदाच्या ड्युरियनच्या फळांबद्दल बोलायला लागल्या.

आमच्याकडे सभ्य माणूस काही मागत नाही. दुसऱ्यानं काय दिलं होतं, ते त्याला आठवतं, इतकंच.

माझी थोरली बहीण, म्हणजे निदाची आई, हिला आमचं अख्खं गाव, तांजुंग आगास, ‘काक लाँग’, म्हणजे थोरली ताई म्हणतं आणि मीही तेच म्हणतो. तिनं हातातला चहा खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मुलीकडचा बोलणी करणारा म्हणून मी बसलो होतो. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो, त्यामुळे मला बोलता येत असणार असा घरात समज आहे. मी हाज्जा रोकियांना म्हणालो की पाण्यात चालणारं घड्याळ म्हणजे उत्तमच. एवढ्यावर बोलणी संपली. रात्रीपर्यंत काक लाँगचं मत झालं होतं की मी भर बैठकीत शब्द देऊन आलो.

नवरा मुलगा शुकरी हा सरकारी पशुवैद्य. तीनशे मीटर पाण्यात जाण्याचा योग त्याच्या आयुष्यात येईल असं दिसत नव्हतं. तो जास्तीत जास्त कोपरापर्यंत जातो, आणि तेही गाईत. त्या वेळी तो घड्याळ काढून खिशात ठेवतो. पण लग्नातल्या भेटीच्या तबकात काय ठेवायचं याचा नवऱ्या मुलाच्या हाताशी फारसा संबंध नसतो. तबक पाहुण्यांसाठी असतं. मुलाकडून सात तबकं येणार, मुलीकडून नऊ जाणार. आकडा विषमच हवा आणि मुलीकडचा दोननं जास्त हवा. विड्याचं, कुराणाचं, नमाजाच्या चटईचं, कपड्यांचं, बुटांचं, अत्तराचं, फळांचं, केकचं, आणि नववं घड्याळाचं. निकाह लागेपर्यंत ही सगळी ओळीनं मांडलेली असतात आणि पाहुणे त्यांच्यासमोरून हळूहळू सरकत जातात. आमच्याकडची अर्धी लग्नं या सरकण्यातच पास किंवा नापास होतात.

आता ओव्हनचं सांगतो, कारण खरी अडचण तिथे होती.

निदा घरी केक करून विकते. तिचा थरांचा केक नदीपलीकडे मुआर शहरात चांगल्या घरांतून जातो. थर इतके पातळ, की कापल्यावर वहीच्या कडेसारखे दिसतात. पण घरचा ओव्हन जुना, आणि डावीकडून जास्त तापतो. त्यामुळे उजव्या बाजूचा केक गिऱ्हाइकाला जातो आणि डाव्या बाजूचा नातेवाइकांना. इतकी वर्षं मी डाव्या बाजूचाच खात आलोय. बाजाराजवळ तिनं एक छोटा गाळा ठरवला होता आणि बातू पाहात गावातल्या एका दुकानात दोन मजली ओव्हन हेरून ठेवला होता. शाळा संपल्यापासून साठवलेले पैसे त्यासाठी होते. दुकानदारानं रमझान संपेपर्यंत तो तिच्यासाठी राखून ठेवतो म्हटलं होतं. पुढे जोहोर बाहरूचं एक गिऱ्हाईक टपून बसलेलं होतं.

त्या ओव्हनची आणि त्या हिरव्या कडेच्या घड्याळाची किंमत साधारण सारखी निघाली. म्हणजे घड्याळच थोडं महाग होतं, आणि त्यात केक भाजता येत नव्हता.

निदा रडली नाही. ती रडली असती तर काक लाँगनं तिला समजावलं असतं आणि प्रकरण मिटलं असतं. ती आईला फक्त म्हणाली, “बघू, माक.” आणि ओव्हनच्या माहितीपत्रकाची घडी घालून फ्रिजवर ठेवून दिली.

काक लाँगनं मला कामाला लावलं. काम असं होतं, की घड्याळ स्विस दिसायला हवं, ओव्हनचे पैसे शाबूत राहायला हवेत, आणि हे सगळं विहीणबाईंना कळता कामा नये.

“तू एवढा शिकलास,” ती म्हणाली, “एक घड्याळ स्वस्तात आणता येऊ नये तुला?”

आधी मी मुळाशीच जायचं ठरवलं. मुलाकडून बोलणी करणारे पाक आर्शाद, निवृत्त हेडमास्तर. त्यांना गाठून मुलाकडच्यांना घड्याळ खरोखर हवंय का, हे न विचारता काढून घ्यायचं होतं. सरळ विचारणं म्हणजे त्यांना हावरट म्हणणं, आणि स्वतःला भिकारी. आम्ही नदीकाठच्या कॉफीच्या दुकानात बसलो. मी ड्युरियनांचा विषय काढला. त्यांनी तो लावून धरला. मग मी म्हणालो की हल्ली मोबाइलमुळे लोक मनगटाकडे बघत नाहीत. ते म्हणाले की हो, आणि हल्ली मुली पाठीवर सॅक लावतात, हातातल्या महागड्या पर्सकडे कोण बघतो. मी म्हणालो, छे, पर्सला कोण विचारतं. ते म्हणाले, छे, घड्याळाला कोण विचारतं. दोघांनी एकमेकांकडे बराच वेळ पाहिलं. पण ते हेडमास्तर आणि मी प्राध्यापक, पुढे कोण सरकणार? बिल त्यांनी दिलं. घरी येऊन मी सांगितलं की काहीच कळलं नाही, आणि ते खरंच होतं. त्यांच्या बाजूलाही एका पर्सनं झोप उडवलीय, हे मला सहज कळायला हवं होतं. अर्थशास्त्रात हे पहिल्या वर्षाला असतं.

मग पर्याय सुरू झाले.

पहिला पर्याय क्वालालंपूरच्या बाजारातला. विक्रेत्यानं गाळ्याच्या मागचं कपाट उघडलं आणि विचारलं, कोणत्या प्रतीचं दाखवू. नकली घड्याळांनाही प्रती असतात आणि वरच्या प्रतीचा विक्रेता खालच्या प्रतीला नकली म्हणतो, हे मला तिथे कळलं. घड्याळ सुरेख होतं. पण काक लाँगला एकदम आठवलं की शेजारच्या तबकात कुराण असणार आहे. कुराणाशेजारी खोटं ठेवायचं तिच्या जिवावर आलं. “मधे फळांचं तबक ठेवू,” मी सुचवलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी कपाट बंद करायला मदत केली.

दुसरा पर्याय वापरलेल्या घड्याळाचा. मलाक्क्यात एका दुकानात अस्सल स्विस, अर्ध्याहून कमी किमतीत मिळत होतं. पाहिलं, हाताळलं, घासाघीस झाली. मग मी ते उलटं केलं. मागे कोरलं होतं, ‘माझ्या लाडक्या हाशिमला, जन्मभरासाठी’. दुकानदार म्हणाला, मागची बाजू कोण बघतं. काक लाँग म्हणाली, नवरा बघतो. परतताना पूर्ण रस्ताभर तिला त्या हाशिमचं काय झालं असेल याचीच काळजी लागली होती.

तिसरा पर्याय तिनं स्वतः केला आणि मला न विचारता केला. मोबाइलवर कुठेतरी ‘हुबेहूब’ असं लिहिलेलं एक घड्याळ दिसलं. नकली नाही, कंपनी वेगळी, फक्त रूप तेच, म्हणून तिच्या मनाला टोचलं नाही. पार्सल आलं. रूप तेच होतं. फक्त चित्रात जे स्टील वाटलं होतं, ते पट्ट्यापासून काट्यांपर्यंत पिवळंधमक सोनेरी निघालं.

आता आमच्यात पुरुषांनी सोनं घालायचं नसतं. मी तिला समजावलं की यात सोनं नाहीच, या किमतीत सोन्याचा वाससुद्धा येणार नाही. शेजारच्या इमामसाहेबांना दाखवलं. त्यांनी नखानं जरा खरवडलं आणि सांगितलं की धर्माची काही हरकत नाही, चवीची मात्र असू शकेल. पण पाहुणे खरवडून बघत नाहीत, लांबूनच बघतात. कुणी म्हटलं की जावयाला सोनं घातलं, तर हे सोनं नाही म्हणून सांगावं लागणार, म्हणजे स्वस्तातलं आहे हे कबूल करावं लागणार. आणि किंमत झाकायची तर सोनं कबूल करावं लागणार. काक लाँग अर्धा दिवस त्या डबीसमोर बसून होती. शेवटी तिनं ते घड्याळ मलाच दिलं. मी पुरुष नाही का, असं मी विचारलं नाही.

चौथा पर्याय भाड्याचा. तबकं सजवणाऱ्या काक याम यांच्याकडे सगळं भाड्यानं मिळतं. तबकं, फुलं, काचेचे घुमट, आणि विश्वासातल्या गिऱ्हाइकाला एक खरं स्विस घड्याळही. ते घुमटाखाली चिकटवूनच देतात. घुमट उघडायचा नाही आणि दुपारच्या नमाजापर्यंत परत करायचं. नंतर कुणी विचारलं की नवरदेवाच्या हातात का नाही, तर सांगायचं, पट्टा मोठा होतोय, कड्या काढायला दिलाय. काक याम म्हणाल्या की मुआरात निम्म्या जावयांचे पट्टे मोठे होतात. यावर काक लाँग जवळजवळ तयार झाली होती. मग तिनं सहज चौकशी केली की शेवटचं कुणाकडे गेलं होतं, आणि त्यांनी सहजच तिच्या चुलत जावेचं नाव घेतलं. ते घड्याळ घुमटासकट उचलून धरून त्या लग्नात काक लाँगनं स्वतः फोटो काढला होता.

पर्याय संपले. काक लाँगनं एक दिवस जेवताना सांगितलं की खरंच घ्यायचं. ओव्हन पुढच्या वर्षी. लग्न एकदाच होतं, ओव्हन कधीही येतो. निदानं मान हलवली. तिची एकच अट होती: बातू पाहातच्या दुकानदाराला फोनवर नाही सांगायचं, समक्ष जाऊन सांगायचं, त्यानं इतके दिवस माल धरून ठेवला म्हणून. तिथूनच पुढे जोहोर बाहरूला घड्याळ घ्यायला जाऊ.

गाडी मी चालवली. दुकानासमोर लावली. निदा आत गेली, आम्ही दोघं गाडीतच बसलो. काचेतून सगळं दिसत होतं. दुकानदार उठला, तिच्याशी काही बोलला आणि मग तिला ओव्हनपाशी घेऊन गेला. निदानं वरच्या मजल्याचं दार उघडलं आणि आत कोपरापर्यंत हात घातला. आधी उजवीकडे फिरवला, मग डावीकडे. बराच वेळ तो हात आत होता. मला शुकरीची आठवण झाली; त्या दोघांचं जमणार, असं मला तेव्हा पहिल्यांदा मनापासून वाटलं.

“निरोप घेतेय बिचारी,” काक लाँग म्हणाली आणि तिनं डोळे पुसले.

निदा बाहेर आली, मागच्या सीटवर बसली आणि दार लावून म्हणाली, “घेतला. परवा लॉरीनं येईल.”

मी गाडी वळवून मुआरच्या दिशेला लावली. वाटेत पारित जावा नावाचं गाव येतं. तिथला आंबट माशाचा रस्सा खाल्ल्याशिवाय काक लाँग आजवर कधी पुढे गेलेली नाही, नवरा इस्पितळात होता तेव्हाही नाही. त्या दिवशी तिनं त्या बाजूला बघितलंही नाही. नदीवरचा पूल आला आणि गेला. घरी उतरताना तिनं फक्त मला सांगितलं, “तुझ्या भाचीला सांग, लग्नात तबकाशेजारी तूच उभी राहा म्हणावं.”

त्यानंतर मायलेकींमध्ये थेट बोलणं बंद झालं. जे काही बोलायचं ते माझ्यामार्फत. ओव्हन आला, मागच्या अंगणात छपराखाली बसला, तरी काक लाँग त्याच्याकडे पाहायला गेली नाही. मात्र शेजारणींना दाखवताना तो कोणत्या बाजूनं बघितला तर चांगला दिसतो, हे तिला माहीत होतं. निदा दिवसभर तिथेच. केकच्या तबकाची तयारी चालू आहे, एवढंच ती सांगायची आणि कुणाला जवळ फिरकू द्यायची नाही.

लग्नाच्या आदल्या दुपारी तिनं आम्हाला बोलावलं. टेबलावर एक हिरवी चामड्याची डबी उघडी होती. आत मलईच्या रंगाची उशी, आणि उशीवर ते घड्याळ. हिरवी कड, स्टीलचा पट्टा, तारखेवरचं छोटं भिंग, सगळं. काटे निकाहच्या वेळेवर लावलेले. मी म्हणालो, “अगं, हे कुठून आणलंस?” आणि हात पुढे केला, तेव्हा तिनं माझ्या मनगटावर चापट मारली.

“डबीपासून सगळा केक आहे, पाक सू,” ती म्हणाली; धाकट्या मामाला आमच्याकडे तसंच म्हणतात. “हात नका लावू.”

पट्टा थरांच्या केकचा होता, एकेक कडी कापून जोडलेली, वर चंदेरी वर्ख. तबकडी साखरेच्या लगद्याची. तो जुना डावा ओव्हन असता तर पट्ट्याची एक बाजू जळली असती. मी विचारलं की ही फसवणूक नाही का. ती म्हणाली की केकच्या तबकात केक ठेवलाय, यात फसवणूक कुठली.

काक लाँग टेबलाभोवती एक चक्कर मारून आली. खाली वाकली. तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत तिनं बोटं दुमडली, उघडली, परत दुमडली. मग कितीतरी दिवसांनी ती आपल्या मुलीशी थेट बोलली.

“आठ,” ती म्हणाली.

“काय आठ?”

“केक आणि घड्याळ एकाच तबकात घातलंस. आठच तबकं झाली. विषम हवीत.” आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, “बघतोस काय, ऊठ. दुकानं बंद होतील.”

मी अंकल टो यांच्या दुकानात गेलो, जिथून आमच्या घरातली सगळी घड्याळं येतात. साधं जपानी घेतलं. काळी तबकडी, मोठे आकडे, अंधारात दिसणारे काटे, नळाखाली धुता येईल असं. किमतीबद्दल एवढंच सांगतो, की घासाघीस करायला मला लाज वाटली. काक लाँगनं ते डबीतून काढून पाहिलं, कानाला लावलं, आणि नवव्या तबकात ठेवलं. शेजारी फुलं जरा जास्त ठेवली.

लग्नाच्या दिवशी सात तबकं आली आणि आमची नऊ त्यांच्यासमोर मांडली गेली. मुलाकडच्या तबकांत पर्स होती. नीटनेटकी, तपकिरी, कुठल्याही दुकानातली. पाक आर्शाद तिच्यासमोर असे उभे होते की ती कुणाला धड दिसू नये. मी त्यांना सलाम केला. त्यांनी माझ्याकडे पाहून घसा साफ केला.

पाहुणे सरकू लागले. आठव्या तबकापाशी रांग थबकली. मागचे पुढे काय आहे म्हणून ताटकळले. हाज्जा रोकिया थोरल्या सुनेला घेऊन पुढे आल्या. थोरल्या सुनेनं आधी घड्याळाकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या मनगटाकडे. हाज्जा रोकियांनी चष्मा वर केला. आणि कुणी काही सांगायच्या आत दोन बोटांनी घड्याळ उशीवरून उचलायला गेल्या.

अंगठा चारच्या आकड्यात रुतला.

काक लाँगनं माझा दंड धरला. तिची नखं मला अजून आठवतात. दाराआड निदा लग्नाच्या कपड्यांत उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर लावलेला रंग सोडून बाकी सगळा रंग गेला होता. आता ही बाई एक शब्द मोठ्यानं बोलली, की ओव्हन आयुष्यभर या घरात एखाद्या गुन्ह्यासारखा उभा राहणार, हे तिघांनाही कळत होतं.

हाज्जा रोकियांनी अंगठा हळूच मागे घेतला. त्याकडे पाहिलं. नाकाशी नेला. मग आजूबाजूला नजर टाकून तो तोंडात घातला आणि डोळे मिटले. उघडल्यावर त्या काक लाँगच्या कानाशी झुकल्या.

“बटर मात्र खरं आहे,” त्या म्हणाल्या.

“खरंच आहे,” काक लाँग म्हणाली. “मुलगी दुसरं वापरतच नाही.”

“कुणी केलं?”

“तिनंच. तिचा ओव्हन आहे. दोन मजली.”

हाज्जा रोकियांनी दोन्ही हातांनी तबक धरलं आणि अलगद फिरवलं, चारचा आकडा भिंतीकडे जाईल असं. डोक्यावरची ओढणी नीट केली, आणि फोटोवाल्याला हाक मारली. “इकडून काढ,” त्यांनी सांगितलं. “उजेड इकडून चांगला आहे.”

तो फोटो मोबाइलवरून बातू पाहातपर्यंत पोचला. खाली बायकांनी ‘स्विस!’ असं लिहिलं. काक लाँगनं कुणालाही खोटं सांगितलं नाही. तिनं फक्त प्रत्येकीला उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र पाठवलं.

पुढची हकिकत शुकरीकडून कळली. तबकं मुलाकडे गेल्यावर हाज्जा रोकियांनी ते घड्याळ डबीसकट फ्रिजच्या वरच्या कप्प्यात ठेवलं आणि कुणाला हात लावू देईनात. गल्लीतल्या सगळ्या बायकांचं बघून होईपर्यंत ते तिथेच राहणार होतं. एका सकाळी शुकरी एका अडलेल्या गाईकडून थकून भुकेला घरी आला आणि त्यानं पट्टा खाल्ला. पूर्ण. त्या घरात त्यावरून जेवढा गहजब झाला, तेवढा त्या गाईच्या वासरावरून झाला नव्हता. त्याच्या हातात अंकल टोंच्या दुकानातलं जपानी घड्याळ होतं. आईनं त्याला सुनावलं की घालायला एक दिलं होतं ना, मग खायला दुसरं कशाला.

निदाचा गाळा आता बाजाराजवळ सुरू झालाय. पहिल्याच आठवड्यात हाज्जा रोकिया तिथे आल्या. मी डाव्या बाजूचा केक मागायला गेलो होतो. आता तसा काही निघत नाही, असं निदानं मला नुकतंच सांगितलं होतं. हाज्जा रोकियांनी आधी ड्युरियनांचा विषय काढला. मग हवेचा. मग म्हणाल्या की धाकट्या मुलाचं ठरतंय, आणि मुलीकडच्या बाईंनी बोलता बोलता सहज सांगितलं की त्यांच्या भाचीला सासरहून फ्रेंच पर्स आली होती.

“मोठी की छोटी?” निदानं विचारलं आणि पेन्सिल घेतली.

“मध्यम,” हाज्जा रोकिया म्हणाल्या. “आणि पट्टा पर्सच्या आत बंद असू दे, शुकरीच्या हाताला लागणार नाही असा.”